जुने यंत्र आणि मध्यम मार्ग

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. संस्थेच्या स्थापनेचा इतिहास, संस्थापकांचे कष्ट, कौलारू खोल्यांत भरलेले पहिले वर्ग यांविषयी अधिकाराने लिहिणारी जाणती माणसे या अंकात आहेतच. आमच्याकडे शाळेचा संगणक कक्ष आणि कार्यालयातील संगणकाचे काम एवढीच जबाबदारी आहे. तेव्हा या कामात ज्या प्रश्नाने आम्हाला सर्वाधिक छळले, आणि ज्याचे उत्तर चुकल्यामुळे आमच्या एका विद्यार्थिनीचे नुकसान झाले, त्याच प्रश्नाविषयी लिहावे असे ठरवले. प्रश्न साधा आहे. जुना झालेला लॅपटॉप दुरुस्त करून वापरत राहावा की बदलावा? आणि बदलायचा तर नेमका केव्हा?

२०१२ साली आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने आपापल्या पगारांतून पैसे जमवून शाळेला एक लॅपटॉप दिला. त्यांत कोणी पोलीस दलात होता, कोणी वनरक्षक, कोणी आरोग्यसेविका. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात त्रिसरण-पंचशील झाल्यावर तो खोका उघडला गेला, तेव्हा वसतिगृहातली मुले खिडक्यांना लोंबकळून पाहत होती. दुसऱ्या दिवशी जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद झाली. तोवर आमचे सगळे टंकलेखन तालुक्याच्या गावी होत असे. दाखले, निकालपत्रके, शिष्यवृत्तीच्या याद्या यांसाठी एस.टी.ची वाट पाहावी लागे. तो लॅपटॉप आला आणि शाळेचा एक पाय जणू तालुक्यातून परत शाळेत आला. म्हणूनच तो आम्हाला एका वस्तूपेक्षा अधिक काही वाटत असे. आमच्याच लेकरांनी मिळवून आणलेले ते धन होते.

यंत्रे कशी म्हातारी होतात, हे आम्ही त्याच्यापासून शिकलो. आपल्या भागात ती अंमळ लवकरच म्हातारी होतात. बहुतेक लॅपटॉप पस्तीस अंशांपर्यंतच्या खोलीत चालवावेत, असे बनवणारेच सांगतात. चंद्रपुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत तर अंग भाजून निघते. उष्णतेने बॅटरीची ताकद झपाट्याने उतरते. आतला पंखा धूळ ओढून घेतो. प्रोसेसर आणि त्यावरची धातूची पट्टी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी जो लेप असतो, तो वाळून तडकतो. मग यंत्र तापू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि आपण म्हणतो, ‘लॅपटॉप स्लो झाला.’ पावसाळ्यात दमट हवा, विजेचा दाब वरखाली झाल्याने जळणारे चार्जर, कळफलकात घर करणाऱ्या मुंग्या या गोष्टी वेगळ्याच.

आमच्या लॅपटॉपची बॅटरी पहिल्यांदा तीन तास टिके. चार वर्षांत ती वीस मिनिटांवर आली. मग डाव्या बाजूची बिजागरी सैल झाली. २०१८ पर्यंत अशी स्थिती आली, की सकाळी बटण दाबायचे, बुद्धवंदनेला जायचे आणि परत आल्यावर पाहायचे, तेव्हा कुठे तो सुरू झालेला असे. नवा घ्यावा असे सर्वांनाच वाटू लागले. परंतु चंद्रपुरातल्या एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने तो आमच्यासमोर उघडला आणि शांतपणे सांगितले, “सर, याचा जीव गेला नाही जी. याचे गुडघे गेलेत.”

त्याने फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. चार जीबीची रॅम आठ जीबी केली. पंख्यातली बोटभर जाडीची धूळ काढली, लेप नवा लावला आणि बॅटरी बदलली. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या चौथा हिस्साही खर्च आला नाही, आणि यंत्र अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागले. जुन्या लॅपटॉपमध्ये सर्वांत संथ भाग बहुधा ती फिरती डिस्कच असते. ती बदलली की बाकीचे यंत्र तरुण झाल्यासारखे वाटते, हे तेव्हा आम्हाला प्रथम कळले.

ही दुरुस्ती योग्य होती, असे आम्ही आजही म्हणतो. लॅपटॉपमुळे पर्यावरणावर जो भार पडतो, त्यातला मोठा वाटा तो वापरताना लागणाऱ्या विजेचा नसतो, तो बनवतानाच्या खाणींचा आणि कारखान्यांचा असतो. बॅटरीतला कोबाल्ट बहुतांशी आफ्रिकेतल्या काँगोच्या खाणींतून येतो. खाण म्हणजे काय, हे आमच्या मुलांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. बल्लारपूर-घुग्घुसचा कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज त्यांच्या घरांच्या आसपासच निघते. कुठल्या तरी डोंगरातून आणि कोणाच्या तरी गावातून निघालेली वस्तू आणखी पाच वर्षे चालवता येत असेल, तर ती चालवणे हे आपले कर्तव्यच आहे.

चूक त्यानंतर झाली. एकदा काटकसर फळाला आली, तिचे कौतुक झाले, आणि आम्हाला त्या कौतुकाची गोडी लागली. पालकसभेत, शिक्षकांच्या बैठकीत, भेटीला आलेल्या पाहुण्यांसमोर आम्ही तो लॅपटॉप दाखवत असू. “२०१२ चा आहे, अजून चालतो.” हे वाक्य आम्ही किती वेळा उच्चारले असेल, त्याला गणती नाही.

दुरुस्तीच्या वेळी त्यात विंडोज ७ होते आणि ते आम्ही तसेच राहू दिले. १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ साठी सुरक्षेच्या सुधारणा मिळणे बंद झाले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, वसतिगृह रिकामे झाले, आणि तो विषय मागे पडला. शाळा पुन्हा भरली तेव्हा यंत्र चालू होते, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. २०२३ च्या फेब्रुवारीपासून क्रोम ब्राउझरची नवी आवृत्तीही विंडोज ७ वर येणे थांबले. पडद्याच्या वरच्या बाजूला तशी सूचना झळके. आम्ही ती फुलीवर टिचकी मारून रोज बंद करीत असू. त्याच वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतःहून विचारले होते, “नवा घ्यायचा का, सर? थोडी तरतूद होईल.” आम्ही उत्तर दिले, “चालतोय की. मुलांच्या ताटातले पैसे कशाला घ्यायचे?” हे उत्तर ऐकणाऱ्यांना भावले. आम्हालाही भावले.

त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस अकरावीतल्या एका मुलीचा एका खासगी शिष्यवृत्तीसाठी अर्ज भरायचा होता. ती धानोऱ्याकडच्या एका लहान गावची, घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. उत्पन्नाचा दाखला उशिरा हाती आला, म्हणून अर्ज शेवटच्या संध्याकाळवर आला होता. कागदपत्रे सगळी त्याच लॅपटॉपमध्ये होती. पान उघडले, परंतु अर्धेच दिसले. खाली जिथे ‘सादर करा’ असे बटण असायला हवे, तिथे कोरी जागा होती. जुना ब्राउझर ते नवे पान वाचू शकत नव्हता. आम्ही दुसरा ब्राउझर उतरवायला घेतला, तोच पाऊस कोसळू लागला आणि वीज गेली. २०१८ ची बॅटरी एव्हाना चार-पाच मिनिटांची सोबती उरली होती. पडदा काळा झाला. मोबाइलवर प्रयत्न केला, तर कागदपत्रे लॅपटॉपच्या पोटात अडकलेली, आणि नेटवर्क एकेका काडीवर आलेले. वीज पहाटे आली. मुदत मध्यरात्री संपली होती.

सकाळी ती कार्यालयाच्या दारात आली. आम्ही काय बोलावे याची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, “राहू द्या जी सर. पुढच्या वर्षी भरू.” तिच्या वडिलांनी तेंदूपानांच्या हंगामात मिळालेले पैसे घराच्या छपरासाठी राखून ठेवले होते. ते त्या वर्षी तिच्या शिक्षणात गेले. छप्पर तसेच राहिले.

कोणी आम्हाला दोष दिला नाही. पावसाला दिला, विजेला दिला, शेवटच्या दिवसाला दिला. परंतु आम्हाला ठाऊक होते, की ज्या दिवशी आम्ही ती सूचना पहिल्यांदा फुली मारून बंद केली, त्या दिवशीच ही मुदत हुकली होती. मुलांच्या ताटातले पैसे वाचवल्याचा आमचा अभिमान अखेर एका मुलाच्याच ताटातून वसूल झाला.

वर्षावासाच्या काळात भंतेजी विहारात येत असत. त्यांच्याशी बोलताना आम्ही ही गोष्ट सांगितली. त्यांनी उपदेश केला नाही. दोन कथा तेवढ्या आठवून दिल्या. दोन्ही आमच्या वाचकांच्या परिचयाच्या आहेत, परंतु त्या एकमेकींशेजारी ठेवून आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या.

पहिली विनयपिटकाच्या चुल्लवग्गातली. कौशांबीत राजा उदेनाच्या अंतःपुरातल्या स्त्रियांनी स्थविर आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, की हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे करणार काय? कापडाचे दुकान मांडणार की काय? त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली आहेत, त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरायची-अंथरायची वस्त्रे करू. ती जुनी झाली की? गाद्यांच्या खोळी करू. त्या विरल्या की जमिनीवर अंथरू, मग त्यांची पायपुसणी करू, मग फडकी. आणि फडकीही विरली की? त्यांचे तुकडे करून मातीत कालवू आणि त्या मातीने जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

दुसरी मज्झिम निकायातली, अलगद्दूपम सुत्तातली. एका माणसाने गवत, काटक्या, फांद्या बांधून तराफा केला आणि नदी पार केली. पैलतीरी पोचल्यावर, याने माझ्यावर फार उपकार केले, असे म्हणून तो तराफा डोक्यावर घेऊन चालू लागला, तर त्याने योग्य केले काय? तथागतांनी भिक्षूंना हा प्रश्न विचारला. भिक्षू म्हणाले, नाही.

पहिली कथा आम्ही जगत होतो. दुसरी विसरलो होतो. तृष्णा नव्या वस्तूचीच असते असे आम्ही समजत होतो, आणि जाहिराती पाहून दर दोन वर्षांनी मोबाइल बदलणाऱ्यांकडे बघून मनात हसत होतो. जुन्या वस्तूचीही तृष्णा असते, आणि ती साधेपणाच्या वेषात येत असल्यामुळे ओळखू येत नाही, हे आम्हाला त्या दिवशी उमगले. आमच्या डोक्यावर तराफा होता आणि त्याचे ओझे दुसऱ्याच कोणाच्या तरी मानेवर पडत होते.

मोठ्या गोष्टीची लहान गोष्टीशी बरोबरी करण्याचा दोष पत्करून एक आठवण लिहितो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. त्या वर्षांत त्यांनी अभ्यास केला, पारख केली, घाई केली नाही. परंतु निर्णय झाल्यावर, जे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे आहे ते केवळ जुने आहे म्हणून धरून ठेवा, असे ते म्हणाले नाहीत. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, आमच्या चांद्यातही दीक्षा सोहळा झाला. आमच्या कित्येक आजी-आजोबांनी त्या मैदानात उभे राहून जुने सोडले. पारख करायला वेळ घ्यावा, आणि पारख पूर्ण झाली की हात सोडावा, ही शिकवण आमच्या घरातच होती. ती आम्ही लॅपटॉपपर्यंत आणली नव्हती.

तेव्हापासून संगणक कक्षात आम्ही एक रीत पाळतो. दर वर्षी वर्षावास संपल्यावर प्रत्येक यंत्रापुढे बसून काही प्रश्न विचारतो. वाचकांच्या घरी, दुकानात, ग्रामपंचायतीत जुना लॅपटॉप असेल, तर त्यांनाही ते उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न कामाचा. याने कोणते काम करावे अशी आपली अपेक्षा आहे, आणि ते काम हा ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी करतो काय? यंत्राचे वय येथे विचारायचे नसते. दहा वर्षांचा लॅपटॉप पत्रे टंकण्यासाठी उत्तम असू शकतो, आणि तीन वर्षांचा लॅपटॉप एखाद्या कामाला अपुरा पडू शकतो. ‘चालतो’ हे उत्तर पुरेसे नाही. काय चालते ते सांगता आले पाहिजे.

दुसरा प्रश्न अवयवाचा. नेमके काय थकले आहे? डिस्क भरत आली असेल तर अनावश्यक फायली काढाव्यात. यंत्र सुरू होताच दहा प्रोग्रॅम आपोआप उघडत असतील तर ते बंद करावेत. एवढ्यानेच पुष्कळदा वेग परत येतो, आणि खर्च शून्य असतो. त्यानंतर धूळ आणि लेप, मग एसएसडी, रॅम, बॅटरी हे बदलता येणारे भाग पाहावेत. काही नव्या पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते, तिथे ती वाढवता येत नाही. मदरबोर्ड गेला असेल, किंवा पडदा आणि बिजागरी दोन्ही एकदमच तुटली असतील, तर दुरुस्तीचा अंदाज घ्यावा. तो तशाच दुसऱ्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत. आणि एक यंत्र वर्षातून तिसऱ्यांदा दुरुस्तीला जात असेल, तर तिन्ही पावत्यांची बेरीज करून पाहावी.

तिसरा प्रश्न सुरक्षेचा. आमच्या मते हाच सर्वांत उपेक्षित प्रश्न आहे. शाळेच्या लॅपटॉपमध्ये शेकडो मुलांचे आधार क्रमांक, बँक खाती, जातीचे दाखले असतात. ज्या यंत्राला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे थांबले आहे, ते यंत्र इंटरनेटला जोडून त्यात ही माहिती ठेवणे म्हणजे कुलूप नसलेल्या पेटीत दुसऱ्याचे दागिने ठेवणे होय. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चीही मुदत संपली. ती तारीख पाहून आम्ही चमकलो, ती आम्हाला वेगळ्याच कारणाने पाठ आहे. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना आणखी एक वर्ष मिळाले, परंतु ती सवलत आहे, उपाय नव्हे. विंडोज ११ साठी सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर किंवा त्याच्या तोडीचा अन्य प्रोसेसर, आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते. ती ज्यात नाही, असे यंत्र लगेच फेकून द्यावे असे मात्र नाही. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटूसारखी मोफत प्रणाली घालता येते, आणि तिला सुरक्षेच्या सुधारणाही मिळत राहतात.

चौथा प्रश्न धोक्याचा. लॅपटॉपचे झाकण नीट बसत नाही, टचपॅड वर उचलला गेला आहे, तळ फुगला आहे, असे दिसले तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजावे. ते यंत्र त्या क्षणी बंद करावे, चार्जर काढावा. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, मुलांच्या हाती देऊ नये. तिने पेट घेऊ शकतो. येथे काटकसरीला जागा नाही.

पाचवा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा, पण सर्वांत मोठा. या यंत्राच्या संथपणाची किंमत कोण भरत आहे? आपणच भरत असू, तर हवा तेवढा काळ थांबावे. संयम हा गुणच आहे. परंतु ती किंमत दाराबाहेर रांगेत उभी असलेली मुले भरत असतील, तर आपला संयम हा त्यांच्यावरचा कर होतो. तो लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

हे प्रश्न विचारल्यावर कार्यालयातला लॅपटॉप पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नाला उतरला नाही. २०२४ साली संस्थेने कार्यकारिणीत ठराव करून एका नव्या लॅपटॉपच्या पैशांत दोन ‘रिफर्बिश्ड’, म्हणजे आधी कचेरीत वापरलेले आणि दुरुस्त करून पुन्हा विक्रीस आलेले, लॅपटॉप घेतले. घेताना आम्ही आठव्या पिढीचा प्रोसेसर पाहिला, बॅटरीची उरलेली क्षमता तपासली, रॅम आणि डिस्क उघडून बदलता येते ना ते पाहिले, आणि मुख्य म्हणजे सुटे भाग चंद्रपुरात मिळतात ना, याची खात्री केली. ज्याची बॅटरी मुंबईहून मागवावी लागते, ते यंत्र कितीही देखणे असले तरी आमच्या शाळेला नको. शिवाय आता दर वर्षी थोडी रक्कम केवळ यंत्रांसाठी बाजूला काढली जाते. यंत्राचा अंत होणार हे ठाऊक असताना त्याची तरतूद न ठेवणे, याला साधेपणा म्हणता येणार नाही. अनित्यतेचा पाठ रोज म्हणणाऱ्यांना तर तो हिशेब जमलाच पाहिजे.

आणि २०१२ चा तो लॅपटॉप? त्याच्यासाठी आम्ही स्थविर आनंदांचा मार्ग धरला. त्यातली मुलांची सर्व माहिती काढून पुसून टाकली, त्यावर लिनक्स मिंट घातले, आणि तो ग्रंथालयात नेला. त्यात महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड ठेवले आहेत. मुले तिथे बसून वाचतात. मराठी टंकन शिकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे माउस हातात धरायला शिकतात. २०१९ पासून एमएचटी-सीईटी परीक्षा संगणकावर होते, आणि आमच्या काही मुलांनी परीक्षेच्या खोलीतच आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला होता. त्या सरावाला पंधरा वर्षांचे यंत्रही पुरते. बॅटरी काढून टाकली आहे. तो थेट विजेवर चालतो आणि वीज गेली की झोपतो. तिथे कोणाची मुदत हुकत नाही. तो सुरूच होईनासा झाला, की त्याची एसएसडी दुसऱ्या यंत्रात जाईल, आणि उरलेला सांगाडा विज्ञानाच्या तासाला उघडून दाखवला जाईल.

मात्र शेवटच्या पायरीवर ही उपमा थांबते. चीवर मातीत कालवून जमीन सारवता येते. लॅपटॉप मातीत जिरत नाही. भंगारात गेला तर कोणी तांब्यासाठी तारा जाळतो, आणि त्या धुरात कोणाचे तरी लेकरू खोकते. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापनाचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच जायला हवा. आम्ही एक पेटी ठेवली आहे. त्यात निकामी चार्जर, माउस, बॅटऱ्या (त्या वेगळ्या डब्यात) साठतात, आणि निर्लेखनाचा ठराव झाला की एकत्रच योग्य ठिकाणी पाठवल्या जातात. जी वस्तू परत माती होत नाही, ती घेतानाच दहादा विचार करावा, हा त्या पेटीने आम्हाला दिलेला धडा आहे.

या अंकाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या घरी न वापरलेले लॅपटॉप पडून असतील, ते शाळेला द्यावेत अशी आपल्या अनेकांची इच्छा असते. त्या भावनेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु देण्यापूर्वी वरचे पाच प्रश्न त्याला विचारा. आपली खासगी माहिती पुसा. चार्जर सोबत द्या. फुगलेली बॅटरी पाठवू नका. जो लॅपटॉप आपल्या कामाला मंद झाला पण अजून काम करतो, त्याचे शाळेत स्वागत आहे. जो आपल्याकडेही सुरू होत नाही, तो ई-कचऱ्यात द्यावा. दान ही घर रिकामे करण्याची वाट होऊ नये, एवढेच सांगायचे आहे.

त्या मुलीने पुढच्या वर्षी कार्यालयातल्या बदललेल्या लॅपटॉपवर बसून स्वतःच अर्ज भरला. आम्ही शेजारी उभे होतो. अर्ज मुदतीच्या नऊ दिवस आधी गेला. पावतीचा कागद छापून तिच्या हाती दिला, तेव्हा ती म्हणाली, “सर, तो जुना कुठे गेला जी?” आम्ही ग्रंथालयाकडे बोट दाखवले. ती तिकडे गेली आणि एका लहान मुलाला माउस कसा धरायचा ते दाखवत बसली.

जडवस्तू नोंदवहीत आता एक रकाना वाढवला आहे: ‘पुढील तपासणी’. प्रत्येक यंत्रासमोर त्यात तारीख लिहिलेली असते. ती तारीख आली की आम्ही फुलीवर टिचकी मारीत नाही. खुर्ची ओढतो, समोर बसतो आणि पहिला प्रश्न विचारतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.